चमचाभर टर्पेंटाइन आणि दहा बाय दहाची खोली

तैलरंगांत काम करणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेक चित्रकारांचा स्टुडिओ म्हणजे घरातलीच एखादी खोली असते. तिथेच इझल, तिथेच कपड्यांचे कपाट, भिंतीला टेकवून ठेवलेले ओले कॅनव्हास आणि रात्री त्यांच्याच शेजारी अंथरलेली गादी. अशी एक दहा बाय दहा फुटांची, आठ फूट उंच खोली डोळ्यांसमोर आणावी आणि तिच्यात एका वाटीत मोठा चमचाभर, म्हणजे साधारण १५ मिलिलिटर, टर्पेंटाइन, म्हणजे तैलरंग पातळ करायला आणि ब्रश धुवायला वापरतात तो द्रव, ठेवले आहे असे समजावे. दारे-खिडक्या बंद असताना ते सगळे उडून गेले, तर त्याची सव्वादोन लिटरांहून थोडी जास्त वाफ होते आणि ती खोलीतल्या सुमारे साडेबावीस हजार लिटर हवेत मिसळली की हवेच्या दर दहा लाख भागांत टर्पेंटाइनचे जवळपास १०० भाग होतात. अमेरिकेत कामगारांसाठी आठ तासांच्या पाळीची जी कायदेशीर मर्यादा आहे, ती नेमकी १०० भागांची आहे आणि औद्योगिक आरोग्याच्या तज्ज्ञांची तिथली संस्था तर २० भागांपुढे जाऊ नये असे सुचवते. हा हिशेब फक्त एका चमच्याचा झाला. ब्रश धुण्यासाठी आपण पेलाभर टर्पेंटाइन उघडे ठेवतो, त्यात बुडवलेल्या चिंध्या खुर्चीच्या पाठीवर टाकतो आणि संध्याकाळी डोके दुखले की दोष उन्हाला देतो.

स्टुडिओतल्या सुरक्षिततेविषयी बोलताना पहिला प्रश्न हमखास ‘हा रंग विषारी आहे का?’ असा येतो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे, कारण कोणताही पदार्थ ट्यूबमध्ये बंद असताना कुणाचेही काही बिघडवत नाही. तो शरीरात शिरला तरच अपाय होतो आणि शिरायला त्याला तीनच वाटा असतात : नाक, तोंड आणि कातडी. कॅडमियम रेडचा ओला रंग ब्रशने कॅनव्हासवर लावणे हे त्या मानाने निर्धोक काम आहे, मात्र तोच रंग वाळल्यावर सँडपेपरने घासला किंवा सुटी पूड घेऊन घरी खलला, तर कॅडमियम श्वासावाटे फुफ्फुसात जाते आणि तिथे ते कर्करोगाला कारण ठरू शकते. रंग तोच, हात तोच, फक्त वाट बदलली. म्हणून या लेखात रंगांच्या यादीपेक्षा या वाटांचाच विचार अधिक केला आहे.

तरीही यादीतली काही नावे माहीत असलेली बरी आणि त्यातली बरीच आपल्याला आजीच्या काळापासून माहीत आहेत. शेंदूर हे शिशाचे संयुग आहे, सफेदा हेही मुळात शिशाचेच, हिंगूळ पाऱ्याचा आणि हरताळ आर्सेनिकचा. पोथी लिहिणारे चुकलेल्या अक्षरांवर पिवळा हरताळ लावून ती झाकत असत आणि ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आपल्याला तिथून मिळाला. आपण तो राजकारण्यांच्या आश्वासनांसाठी बिनदिक्कत वापरतो, पण मूळ पदार्थ आर्सेनिकचा होता हे सहसा कुणाच्या ध्यानात नसते. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यात चित्रकारांना स्वतंत्र प्रकरण दिले आणि त्यांच्या आजारांचा दोष शेंदूर, हिंगूळ, सफेदा यांसारख्या द्रव्यांना दिला. त्यानंतर अडीच शतकांनीही हा प्रश्न मिटलेला नव्हता. ब्राझीलचे नामवंत चित्रकार कांदिदो पोर्तिनारी यांना डॉक्टरांनी रंगांपासून दूर राहायला बजावले होते. ते रंगवत राहिले आणि १९६२ साली रंगांतल्या शिशाच्याच विषबाधेने त्यांचा मृत्यू झाला.

भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांतील शिशावर मर्यादा घालणारे नियम २०१६ साली आले आणि नोव्हेंबर २०१७ पासून ती मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग अशी लागू झाली. मात्र हे नियम भिंती-दारांच्या रंगांसाठी आहेत, त्यामुळे चित्रकाराने आपली ट्यूब स्वतः वाचायला शिकणे भाग आहे. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरात रंगद्रव्याचा संकेतांक असतो. पीडब्ल्यू १ म्हणजे शिशाचा पांढरा, ज्याला दुकानात फ्लेक व्हाइट किंवा क्रेमनिट्झ व्हाइट म्हणतात. पीडब्ल्यू ६ म्हणजे टायटॅनियमचा पांढरा, आणि त्याची तशी काळजी नाही. पीआर १०८ हे कॅडमियम रेड आणि पीआर १०६ हा खरा हिंगूळ, म्हणजे व्हर्मिलियन. नावापुढे ‘ह्यू’ असा शब्द असेल तर रंगाची छटा तेवढी तशी आहे, मूळ धातू त्यात नाही असे समजावे. विद्यार्थ्यांसाठीच्या स्वस्त रंगांत बहुधा ह्यूच असतात, आणि छटेच्या शुद्धतेवरून नाके मुरडणाऱ्यांनाही मी शिकाऊ मुलांसाठी तेच सुचवतो. ‘नॉन-टॉक्सिक’ या शिक्क्याचा अर्थही मर्यादित आहे. रंग ज्या रीतीने वापरायला बनवला आहे त्या रीतीने वापरला तर अपाय नाही, एवढेच तो सांगतो. तोच रंग एअरब्रशमधून फवारला की शिक्क्याचा आधार संपतो.

तोंडाची वाट बंद करणे सर्वांत सोपे आहे आणि सवयीमुळे तेच सर्वांत अवघड जाते. बारीक कुंचल्याचे टोक ओठांत धरून अणकुचीदार करण्याची खोड जलरंगवाल्यांना असते. गणपतीच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी करणारे कारागीरही हेच करताना दिसतात, कारण बुबुळाची कड केसाएवढी बारीक यायची तर टोक जुळलेले हवे आणि ओल्या फडक्यापेक्षा ओठ जवळ असतात. अमेरिकेत १९२०च्या आसपास घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा चमकता रंग लावणाऱ्या तरुण मुलींना टोक ओठांनीच काढायला शिकवले होते. त्यातल्या अनेकींचे जबडे सडले आणि कित्येक जणी दगावल्या. आपल्या रंगांत रेडियम नसते, पण दिवसातून शंभर वेळा ओठांना लागणाऱ्या कुंचल्यातून काय काय पोटात जाते याचा अंदाज त्यावरून करता येतो. टोक काढायला ओल्या स्पंजाचा तुकडा पुरतो. याहून नेहमीची वाट तंबाखूची आहे. रंगलेल्या तळहातावर तंबाखू-चुना मळून तो बार दाढेखाली धरणे म्हणजे रंग चाखून खाण्यासारखेच आहे, आणि पॅलेटशेजारी ठेवलेल्या चहाच्या कपाचीही तीच कथा. जुना विनोद आहे की चित्रकार एकदा तरी ब्रश चहात बुडवतोच. उलटही घडते, ते मात्र विनोदाचे नसते.

कातडीच्या बाबतीत मुख्य गुन्हेगार रंग नसून तो काढण्याची पद्धत आहे. काम संपले की चिंधी थिनरमध्ये भिजवून हात पुसायचे, अशी आपल्याकडची सर्रास रीत आहे. हार्डवेअरच्या दुकानातले थिनर हे अनेक द्रावकांचे मिश्रण असते. त्यात टोल्युइनसारखे मज्जासंस्थेवर परिणाम करणारे द्रावकही असू शकतात, आणि ते कातडीतले तेल विरघळवून घेतात. मग हात कोरडे पडतात, भेगा पडतात आणि त्या भेगांतून पुढच्या वेळचा रंग आणि द्रावक अधिक सहज आत जातात. टर्पेंटाइनमुळे तर काहींना कायमचा इसब होतो आणि एकदा ती ॲलर्जी जडली की थेंबभर टर्पेंटाइनही पुरते. हाताला लागलेला तैलरंग काढायला खोबरेल किंवा स्वयंपाकाचे कोणतेही तेल चोळावे, कोरड्या फडक्याने पुसावे आणि मग साबणाने धुवावे. तैलरंग तेलातच कालवलेला असल्याने तो तेलाने सुटतो, त्याला थिनर लागत नाही. हातमोजे घालायचे तर नायट्राइलचे घ्यावेत. दवाखान्यात दिसणारे साधे लॅटेक्सचे मोजे टर्पेंटाइनमध्ये फुगतात आणि झिरपू देतात.

नाकाची वाट मात्र अशी सहज बंद करता येत नाही, कारण श्वास थांबवता येत नाही आणि आपले नाक फसवे असते. टर्पेंटाइनचा वास पहिल्या दहा मिनिटांत तीव्र वाटतो, मग मेंदू त्याची दखल घेणे सोडतो आणि हवेत प्रमाण वाढत असतानाही आपल्याला वास कमी झाल्यासारखा भासतो. बाहेरून चहा घेऊन आलेल्या माणसाने ‘केवढा वास कोंडलाय इथे’ म्हटले तर ते टीका म्हणून न घेता मापन म्हणून घ्यावे. दुसरी फसगत शब्दांची आहे. बाजारात ‘टर्प’ म्हणून मिळणारा द्रव पुष्कळदा चीडवृक्षाच्या राळेपासून काढलेले टर्पेंटाइन नसून खनिज तेलापासून काढलेले मिनरल टर्पेंटाइन असते, आणि ‘गंधहीन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या द्रावकातून उग्र वासाचे घटक कमी केलेले असले तरी वाफ होणे थांबत नाही. वास गेला की सावध करणारा रखवालदारही गेला.

छताचा पंखा हवा बाहेर काढत नाही, ताक घुसळावे तशी खोलीतली हवा घुसळतो. एसीचे तर त्याहून वाईट, कारण नेहमीचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा आत ओढून थंड करून परत सोडतो आणि त्याच्यासाठी आपण दारे-खिडक्या घट्ट लावून घेतो. आठ फूट उंचीची ती खोली आठवावी : एसी लावून तिच्यात काम करणे म्हणजे पहिल्या परिच्छेदातला हिशेब तंतोतंत खरा करणे आहे. हवा खरोखर बदलायची तर एका बाजूने ती बाहेर खेचणारा एक्झॉस्ट पंखा आणि समोरच्या बाजूने ताजी हवा आत येण्याची जागा, अशी दोन्ही लागतात. त्यातही चित्रकाराने कुठे उभे राहायचे हे महत्त्वाचे आहे. ताजी हवा पाठीकडून यावी, चित्रावरून जावी आणि पंख्यातून बाहेर पडावी, म्हणजे वाफ चेहऱ्याकडे येत नाही. उलट बसले तर पंखा सगळी वाफ नाकावरून ओढत नेतो आणि त्यापेक्षा पंखा नसलेला परवडला. टर्पेंटाइनची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली उतरून जमिनीलगत साचते, त्यामुळे भिंतीच्या अगदी वर, माळ्याजवळ बसवलेला पंखा तिच्या फारसा उपयोगी पडत नाही. तो टेबलाच्या उंचीवर, खिडकीच्या खालच्या चौकटीत बसवता आला तर उत्तम. ज्यांना यातले काहीच शक्य नाही, त्यांनी निदान भांड्यावर झाकण ठेवावे. हा उपाय फुकटचा आहे आणि मी पाहिलेल्या दहांपैकी नऊ स्टुडिओंत तो केलेला नसतो.

मास्कविषयीचा गैरसमज करोनाच्या काळानंतर वाढला आहे. एन-९५ मास्क ही एक अत्यंत बारीक चाळणी आहे आणि चाळणी कण अडवते. वाफ म्हणजे कण नव्हेत, सुटे रेणू असतात, आणि ते या चाळणीतून निर्वेध जातात. त्यामुळे एन-९५ लावून टर्पेंटाइन वापरणाऱ्याला काहीही संरक्षण मिळत नाही, उलट आपण सुरक्षित आहोत या समजुतीने तो खिडकी उघडायचे विसरतो. वाफेसाठी सक्रिय कोळशाचे डबे लावलेला रबरी मास्क लागतो. त्या कोळशाच्या छिद्रांत रेणू चिकटून राहतात, आणि जागा भरली की डबा बदलावा लागतो. हे डबे वापरात नसताना हवाबंद पेटीत ठेवावे लागतात, नाहीतर टेबलावर पडल्या पडल्या खोलीतली वाफ शोषून ते संपतात. शिवाय दाढी असेल तर मास्कची कड चेहऱ्याला नीट बसत नाही. दाढीवाल्या चित्रकारांची संख्या पाहता हे सांगणे आवश्यक वाटते. स्प्रेने फिक्सेटिव्ह, म्हणजे रेखाटन पुसू नये म्हणून मारतात तो द्रव, किंवा व्हार्निश मारायचे तर घरात मारूच नये. गच्चीवर जावे आणि वारा पाठीवर घ्यावा.

धुळीसाठी मात्र एन-९५ खरोखर उपयोगी आहे. शिल्पकार आणि मातीकाम करणारे यांची खरी शत्रू धूळ आहे. चिनीमाती आणि ग्लेझ, म्हणजे भांड्यांवरचा काचेसारखा लेप, यांच्या भुकटीत स्फटिकी सिलिका असते, तिचे सर्वांत घातक कण डोळ्यांना दिसत नाहीत, तासन्‌तास हवेत तरंगतात आणि फुफ्फुसात खोलवर जाऊन तिथे व्रण करतात. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात आणि झालेले नुकसान भरून येत नाही. म्हणून अशा स्टुडिओत केरसुणी नको. कोरडा झाडू जमिनीवर बसलेली धूळ पुन्हा नाकाच्या पातळीला आणतो. ओल्या फडक्याने पुसावे आणि फडके वाळायच्या आत धुवावे. पेण आणि कोल्हापूरच्या मूर्तिकामात ज्याचा वापर पुष्कळ होतो, त्या प्लास्टर ऑफ पॅरिसला धुळीइतकाच उष्णतेचा धोका आहे. पाणी मिसळल्यावर ते घट्ट होताना तापते आणि मोठा गोळा असेल तर ६० अंशांपर्यंत जाऊ शकते. इंग्लंडमध्ये २००७ साली एका १६ वर्षांच्या मुलीने शाळेच्या कलावर्गात आपल्या हातांचा साचा करण्यासाठी ते बादलीभर प्लास्टरमध्ये घातले. प्लास्टर आवळले, तापले, हात काढता आले नाहीत आणि तिची बहुतेक बोटे कापावी लागली. शरीराच्या अवयवाचा साचा करायचा असेल तर ॲल्जिनेट वापरतात, जे दातांचे डॉक्टर जबड्याचे माप घ्यायला वापरतात. प्लास्टर त्यावर नंतर ओततात.

एचिंग करणाऱ्यांसाठी, म्हणजे धातूच्या प्लेटवर ॲसिडने रेषा कोरून छापचित्रे काढणाऱ्यांसाठी, एकच मुद्दा थोडक्यात सांगतो. जस्ताची प्लेट नायट्रिक ॲसिडमध्ये टाकल्यावर तपकिरी धूर दिसला, तर तो नायट्रोजन डायऑक्साइड असतो आणि तो हुंगल्यावर लगेच फारसे काही होत नाही. फुफ्फुसात पाणी भरायला कित्येक तास लागतात, त्यामुळे रात्री धाप लागलेला माणूस दुपारच्या कामाशी तिचा संबंध जोडत नाही. ॲसिड पातळ करताना पाण्यात ॲसिड ओतावे, ॲसिडात पाणी नव्हे. जस्तासाठी मोरचूद आणि मिठाचे द्रावण, तांब्यासाठी फेरिक क्लोराइड वापरले तर हा धूर मुळात होतच नाही.

आता आगीकडे वळू. टर्पेंटाइनची वाफ साधारण ३५ अंश सेल्सियसला ठिणगीने पेट घेण्याइतकी दाट होते. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात सावलीतला पारा ४५च्या पुढे जातो, तेव्हा पेल्यातले टर्पेंटाइन दिवसभर त्या मर्यादेच्या वरच असते. अशा खोलीत, वास मारायला म्हणून, कोपऱ्यात उदबत्ती लावलेली मी पाहिली आहे, आणि खाली साचणारी वाफ जमिनीवर ठेवलेल्या समईपर्यंत सहज जाते. पेटलेल्या द्रावकावर पाणी ओतू नये, तो पाण्यावर तरंगत पसरतो. वाळूची बादली किंवा एबीसी पावडरचे अग्निशामक दाराजवळ ठेवावे, कोपऱ्यात नव्हे, म्हणजे ते घ्यायला आगीतून जावे लागत नाही.

पण स्टुडिओत आग लागायला ठिणगीच लागते असे नाही. विदर्भात पिकणाऱ्या जवसाचे तेल हेच तैलरंगांचे माध्यम आहे आणि हे तेल पाण्यासारखे उडून वाळत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते आणि त्या क्रियेत उष्णता बाहेर पडते. कॅनव्हासवर पातळ थर असल्याने ती उष्णता लगेच निघून जाते. चुरगाळलेल्या चिंधीत मात्र तेल हजारो धाग्यांवर पसरलेले असते, हवा भरपूर मिळते, आणि उष्णता बाहेर पडायला जागा नसते. आतला भाग तापतो, तापला की क्रिया वेग घेते, वेग वाढला की आणखी तापतो. ओला कडबा गंजीत रचला की आतून तापतो हे शेतकऱ्याला ठाऊक असते. तिथले कारण वेगळे असले तरी उष्णता कोंडण्याचा प्रकार तोच. मी स्वतः एका उन्हाळ्यात चिंध्यांचा बोळा पुठ्ठ्याच्या खोक्यात टाकून जेवायला गेलो होतो. तीनेक तासांनी परत आलो तेव्हा खोलीत करपट, उग्र वास होता, आणि बोळा उचलला तर मधोमध हात ठेववत नव्हता. धूर अजून निघाला नव्हता एवढेच नशीब. फिलाडेल्फियात फेब्रुवारी १९९१मध्ये अशाच तेल लागलेल्या चिंध्यांनी ३८ मजली इमारत पेटवली आणि तिथे तीन अग्निशामक जवानांचा जीव गेला. उपाय दोन आहेत : चिंधी उलगडून दोरीवर उघड्यावर एकेक वाळत घालावी, कडक झाली की ती पेटण्याची भीती उरत नाही, किंवा पाण्याने भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवावी. प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवू नये.

घरातल्या स्टुडिओत मुले असतील तर आणखी एक गोष्ट जीवावर बेतू शकते, ती म्हणजे कोल्ड्रिंकच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलेले टर्पेंटाइन. ते पाण्यासारखेच दिसते. मुलाने घोट घेतलाच तर मीठपाणी पाजून उलटी करवू नये, कारण उलटीच्या वेळी द्रव श्वासनलिकेत गेला की फुफ्फुसाला गंभीर इजा होते. १०८ला फोन करावा आणि दवाखान्यात जाताना बाटली सोबत न्यावी. एरवीही डोकेदुखी, हातांची आग किंवा खोकला घेऊन डॉक्टरांकडे गेलो, तर आपण काय काम करतो आणि कशाने करतो हे न विचारता सांगावे, शक्य तर ट्यूबवरचा संकेतांक दाखवावा. ‘व्यवसाय : चित्रकार’ एवढ्यावरून कुणाच्याही मनात शिसे किंवा टोल्युइन येत नाही.

राहता राहिले ब्रश धुऊन मळलेले टर्पेंटाइन. ते बेसिनमध्ये किंवा मोरीत ओतण्याची काहीच गरज नसते. काचेच्या बरणीत झाकण लावून ते दोन-चार दिवस हलवू नये, म्हणजे रंगाचा गाळ तळाशी बसतो आणि वरचे द्रावक इतके स्वच्छ होते की अलगद दुसऱ्या बरणीत ओतून पुन्हा वापरता येते. मी वर्षभर एकच लिटर असे फिरवतो. तळाचा गाळ चिकट आणि राखाडी असतो, त्यात वर्षभरातले सगळे रंग असतात, आणि तो जुन्या डब्यात साठवून, झाकण घट्ट लावून, वर ‘टर्पेंटाइनचा गाळ’ असे मोठ्या अक्षरात लिहून मी माळ्यावर नव्हे तर बाल्कनीच्या सावलीच्या कोपऱ्यात ठेवतो, म्हणजे घातक कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रावर तो डबा तसाच देता येतो.